पहिला छापील रेशमी स्कार्फ: पारखून घ्यावा कसा, जपावा कसा

पुण्यात ‘स्कार्फ’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो गाडी काढण्याआधी तोंडाभोवती घट्ट गुंडाळायचा सुती स्कार्फ. ऊन, धूळ, धूर, घाम सगळं सोसणारा, रोज धुण्यात पडणारा. हा लेख त्याच्याबद्दल नाही. छापील रेशमी स्कार्फ दुचाकीवर बांधायचं मनात असेल तर तो घेऊच नका. ऊन आणि घाम रेशमाला सगळ्यांत लवकर संपवतात. शिवाय गुळगुळीत रेशमाची गाठ चालत्या गाडीवर सुटली तर टोक चाकात जायची भीती असते. तो घ्यायचा कुडत्यावर, शर्टाच्या कॉलरखाली, ऑफिसातल्या गार एसीत खांद्यावर, लग्नाकार्यात साध्या सुती साडीबरोबर.

माझा पहिला ‘शुद्ध सिल्क’ स्टोल एका प्रदर्शनातला. दोन वर्षं मी तो रेशीम समजून जपला, रिठ्याच्या पाण्यात धुतला. एके दिवशी उदबत्तीचा निखारा त्याच्या कडेला लागला आणि तिथे कडक काळा मणी तयार झाला. तो पॉलिएस्टर होता. त्यानंतर घेतलेला टसरचा, म्हणजे जंगलातल्या रेशमाचा, स्टोल मात्र अस्सल निघाला, आणि तो मी धुण्याच्या पावडरीत अर्धा तास भिजत ठेवला. बाहेर काढला तेव्हा त्याचा सगळा तजेला गेला होता. खोट्याला जपलं आणि खऱ्याला घालवलं, याचं मला अजून वाईट वाटतं. नव्याने घेणाऱ्याच्या वाट्याला हे येऊ नये, म्हणून जे शिकले ते क्रमाने सांगते.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की धरा: रेशमाला केसांसारखं वागवायचं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात, रेशमाचा धागा फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचा. सूत, लिनन, व्हिस्कोस ही झाडापासून आलेली कापडं, त्यांचा स्वभाव वेगळा. धुण्याचा सोडा, ब्लीच, कडक ऊन, उकळतं पाणी यातलं जे तुम्ही आपल्या केसांना लावणार नाही ते रेशमालाही लावायचं नाही. पुढच्या बहुतेक सूचना या एका गोष्टीतून निघतात.

कोणत्या आकाराचा आणि कोणत्या विणीचा

दुकानात जाण्याआधी आकार ठरवा, नाहीतर रंग बघून भलतंच काही घरी येतं. चौरस स्कार्फचं सर्वांत सोयीचं माप ९० बाय ९० सेंटिमीटर. पॅरिसच्या हर्मेस कंपनीने १९३७ साली आपला छापील रेशमी चौरस बाजारात आणला, त्याचं हेच माप आजही प्रसिद्ध आहे. तिरपी घडी घालून गळ्याभोवती बांधता येतो, डोक्यावर घेता येतो, पर्सच्या बंदाला गुंडाळता येतो. ५० ते ६५ सेंटिमीटरचा छोटा चौरस फक्त गळ्याशी बांधायला. आपल्याकडे जास्त खपतो तो स्टोल, साधारण दोन मीटर लांब आणि अर्धा-पाऊण मीटर रुंद. कुडत्यावर घ्यायचा असेल तर स्टोल घ्या, शर्ट-ब्लाऊजवर बांधायचा असेल तर चौरस.

वीण कोणती, यावर स्कार्फ कसा पडेल आणि किती टिकेल हे ठरतं. शिफॉन अतिशय देखणा दिसतो, पण दागिन्यात अडकून त्याचे धागे ओढले जातात, म्हणून पहिल्या खरेदीला तो नको. हबुताई, म्हणजे दुकानदार ज्याला चायना सिल्क म्हणतात ते, पातळ आणि स्वस्त असतं, पण लवकर लोळागोळा होतं. क्रेपला अंगचा पीळ असतो, त्यामुळे तो फारसा चुरगळत नाही. ट्विलच्या विणीत बारीक तिरक्या रेघा दिसतात आणि तिची गाठ सरकत नाही, म्हणून चौरसासाठी ट्विल उत्तम. स्टोलसाठी माझी पसंती बंगालमधल्या मुर्शिदाबादच्या साध्या विणीच्या रेशमाला. हलकं, मऊ, छपाई छान उठून दिसणारं.

टसरची गोष्ट वेगळी. त्याचा मूळ रंगच मधासारखा पिवळसर तपकिरी, त्यामुळे त्यावर छापलेला लाल किंवा निळा रंग थोडा मंदावून येतो. पोत खरखरीत, धाग्यात जाड-बारीक. मला हाच पोत आवडतो, पण झळझळीत रंगांची हौस असेल त्याने टसरच्या वाटेला जाऊ नये. टसरचे कोष आपल्याकडेही होतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर हे किडे पोसले जातात, आणि ते काम ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. तुतीवरचं रेशीम मराठवाड्यात बीड-जालन्याकडे वाढलं आहे. जालन्यात २०१८ साली कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी तिथले शेतकरी पोती भरून कर्नाटकात रामनगरला जात. बंगालमध्ये छापलेल्या स्कार्फाइतकंच कौतुक मला या कोषांचंही वाटतं.

‘सिल्क’ शब्दाचा गोंधळ

फसवणूक बहुतेक वेळा नावातच असते, आणि कित्येकदा विक्रेत्यालाही ती ठाऊक नसते. ‘आर्ट सिल्क’मधला आर्ट कलेचा नव्हे, आर्टिफिशियलचा. तो व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टर असतो. ‘सेमी सिल्क’ म्हणजे भेसळ, आणि कधी कधी त्यात रेशमाचा एक धागाही नसतो. ‘भागलपुरी’ नावाखाली रस्त्यावर जे मिळतं ते बहुधा रेशीम नसतंच. आणि सध्या सगळ्यांत जास्त गोंधळ आहे तो ‘मोडाल सिल्क’चा. मोडाल हा लाकडाच्या लगद्यापासून, मुख्यतः बीच या झाडाच्या, काढलेला धागा आहे. तो मऊ असतो, सुळसुळीत असतो, त्यावर अजरख, म्हणजे कच्छची ठशांची छपाई, फार सुंदर उठतो, आणि मी स्वतः तो आनंदाने वापरते. पण ते रेशीम नाही. मोडालच्या किमतीत मोडाल घ्यावं, रेशमाच्या किमतीत नाही.

किमतीचा अंदाज घरच्या घरी बांधता येतो. कच्चा तुती रेशमाचा धागा गेल्या काही वर्षांत किलोला चार-पाच हजार रुपयांच्या आसपास राहिला आहे. कच्च्या धाग्यावर सेरिसिन नावाचा नैसर्गिक डिंक असतो आणि तो उकळून काढला की वजन पाव-पंचमांशाने घटतं. म्हणजे ६० ग्रॅमच्या स्कार्फाला साधारण ७५ ते ८० ग्रॅम कच्चा धागा लागतो. नुसता धागाच साडेतीनशे रुपयांच्या घरात गेला. विणाई, छपाई, कडा, दुकानाचा नफा अजून बाकीच. तेव्हा अडीचशे रुपयांत ‘प्युअर सिल्क’ स्टोल कुणी देऊ केला तर तो रंगासाठी जरूर घ्या, रेशीम म्हणून घेऊ नका.

मग खरं कोणतं? त्यासाठी चिठ्ठी बघायची. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली सिल्क मार्क सुरू झाला. फुलपाखराचं चिन्ह, होलोग्राम आणि प्रत्येक नगाचा वेगळा क्रमांक असलेली ही चिठ्ठी कापडाला लावलेली असते. हा मार्क ‘कापड शंभर टक्के नैसर्गिक रेशमाचं आहे’ एवढंच सांगतो. छपाई हाताची की यंत्राची, रंग पक्का की कच्चा, याबद्दल तो काही बोलत नाही. हँडलूम मार्क कापड हातमागावरचं आहे हे सांगतो, मग ते सुती का असेना. भौगोलिक मानांकन वस्तू कुठली आहे ते सांगतं. हे तीन दाखले वेगवेगळे आहेत आणि एकाला दुसरा समजून लोक फसतात. दुकानावर सिल्क मार्कची पाटी आहे एवढ्याने समाधान मानू नका, तुमच्या हातातल्या नगाला चिठ्ठी आहे का ते बघा. छोट्या कारागिरांकडे ती नसते आणि म्हणून त्यांचा माल खोटा ठरत नाही. अशा वेळी बिलावर ‘शुद्ध रेशीम’ असं लिहून मागा. ज्याचा माल खरा आहे तो लिहून देतो.

हातात घेतल्यावर काय बघायचं

अंगठीतून स्कार्फ आरपार काढून दाखवणारे विक्रेते भेटतील. त्या परीक्षेला काही अर्थ नाही, पातळ पॉलिएस्टरचा शिफॉनही अंगठीतून सहज निघतो. चकाकीही पुरेशी नाही. तरी उजेडात स्कार्फ हलवून बघा. रेशमाची झळाळी कोन बदलला की बदलते, पॉलिएस्टर बहुधा सगळीकडून सारखाच पांढरट चमकतो.

वजनाकडे मात्र नीट लक्ष द्या. रेशमाचा भरीवपणा ‘मॉमी’ या जपानी मापात मोजतात. १ मॉमी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम. ८ मॉमीचं कापड अगदी झिरझिरीत, १२ ते १४ चांगलं, १६ ते १८ भरदार. ऑनलाइन घेताना हा आकडा विचारा. ९० सेंटिमीटरचा चौरस १२ मॉमीचा असेल तर त्याचं वजन ४२ ग्रॅमच्या आसपास भरतं, १८ मॉमीचा असेल तर ६३. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा, सांगितलं ते आणि आलं ते एकच आहे का ते कळतं.

आता छपाई. स्कार्फ उलटा करा. चांगल्या स्क्रीन छपाईत, म्हणजे चौकटीत ताणलेल्या जाळीतून रंग दाबून केलेल्या छपाईत, रंग कापडात मुरतो, मागची बाजू जवळपास पुढच्यासारखीच दिसते. डिजिटल छपाईत पाठ बऱ्याचदा फिकट असते, आणि मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेला की रंगाचे बारीक ठिपके दिसतात. डिजिटल छपाई म्हणजे वाईट असं मुळीच नाही, फोटोसारखी नाजूक चित्रं तिच्यातच जमतात. पण तिची किंमत ठसेकामाइतकी, म्हणजे हाताने ठसे मारून केलेल्या छपाईइतकी, असू नये. स्क्रीन छपाईत जितके रंग तितक्या चौकटी लागतात. म्हणून बारा रंगांचा, सगळ्या रेषा जागच्या जागी बसलेला स्कार्फ दिसला की त्यामागची मेहनत ओळखा. रेशमावरच्या अशा छपाईसाठी बंगालमधलं हुगळीकाठचं श्रीरामपूर नावाजलेलं आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर ते वेगळं.

मग कडा बघा, आणि इथे घाई करू नका, कारण घाईत केलेलं काम कडेवर लगेच दिसतं. उत्तम स्कार्फची कड हाताने वळून, बोटांत गुंडाळत, बारीक टाके घालून शिवलेली असते. ती गोल आणि थोडी फुगीर लागते, टाके किंचित कमी-जास्त अंतरावर असतात. एक चौरस असा पुरा करायला चांगला बराच वेळ बसावं लागतं. यंत्राची कड सपाट आणि सरळ टिपेची असते, ती चालते. नुसती पिको केलेली कड मात्र काही धुण्यांत लाटेसारखी वाकडी होते आणि धागे सोडते. स्टोलच्या टोकांना दशा सोडल्या असतील तर त्यांना गाठी मारलेल्या आहेत ना ते बघा. पीळ घालून गाठवलेल्या दशा सुटत नाहीत.

शेवटची परीक्षा रंगाची. पांढऱ्या रुमालाचं टोक थोडं ओलं करा आणि स्कार्फच्या सगळ्यांत गडद भागावर दहा वेळा हलक्या हाताने घासा. विक्रेत्याला विचारून करा, चांगला विक्रेता हरकत घेत नाही. फिकट छटा उमटली तर चालेल. रुमाल चांगलाच रंगला तर छपाईनंतर वाफ नीट दिलेली नाही, आणि तो रंग पहिल्याच धुण्यात शेजारच्या पांढऱ्यावर उतरेल. रेशमावर छापलेले नेहमीचे रासायनिक रंग बहुधा वाफेवरच पक्के होतात. घरी आणून मिठाच्या पाण्यात बुडवल्याने कच्चा रंग पक्का होतो ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे, पण मिठाने ते काम होत नाही.

अजरख घेणार असाल तर

रेशमावरचा अजरख हा माझा सर्वांत जिव्हाळ्याचा विषय, म्हणून इथे जरा थांबते. कच्छमधले खत्री कारागीर ही छपाई करतात. धमडका हे त्यांचं जुनं गाव. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात ते उद्ध्वस्त झालं, आणि त्यानंतर तिथलं पाणीही रंगकामाला योग्य राहिलं नाही, त्यातलं लोह वाढलं. रंगाऱ्याला पाण्याच्या अंगच्या गुणांवर जगावं लागतं, त्यामुळे बरीच कुटुंबं भुजजवळ नव्या जागी गेली आणि अजरखपूर वसलं. २०२४ मध्ये कच्छी अजरखला भौगोलिक मानांकन मिळालं.

हे काम कसं होतं ते ठाऊक असेल तर पारख आपोआप येते. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. आपल्याकडे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी गोळा करतात तोच हिरडा. मग जिथे पांढऱ्या रेषा राखायच्या तिथे चुना आणि डिंकाचं मिश्रण ठशाने छापतात. काळ्या रंगासाठी लोखंडाचं भंगार गुळाच्या पाण्यात बरेच दिवस आंबत ठेवतात. त्या पाण्यातलं लोह हिरड्याला भेटलं की काळा रंग येतो. लाल रंगासाठी तुरटी छापून कापड मंजिष्ठाच्या किंवा अलिझारिन या कारखान्यात बनणाऱ्या लाल रंगाच्या पाण्यात उकळतात, निळ्यासाठी निळीच्या हौदात बुडवतात. प्रत्येक टप्प्यानंतर धुणं आणि वाळवणं. एक कापड पुरं व्हायला काही आठवडे जातात.

नकली अजरख स्क्रीनवर छापलेला असतो आणि तो ओळखायची युक्ती सोपी आहे. नक्षीतली एखादी चूक शोधा, तुटलेली रेघ किंवा पुसट ठिपका. तीच चूक ठरावीक अंतराने जशीच्या तशी पुन्हा पुन्हा येत असेल तर ती चौकटीची चूक, म्हणजे स्क्रीन. ठसेकामात प्रत्येक वेळी हात वेगळा पडतो. एक ठसा संपून दुसरा सुरू होतो तिथे कुठे केसभर फट, कुठे रेघेवर रेघ, कुठे रंग गडद, कुठे फिका. ठशाला ठसा इतका अचूक भिडलेला असतो की ही जागा शोधावी लागते, आणि ती सापडली की मला दर वेळी त्या कारागिराचा हात दिसल्यासारखं वाटतं.

निळीबद्दल एक सांगून ठेवते. नीळ धाग्याच्या आत फारशी शिरत नाही, वरच बसते. त्यामुळे नव्या अजरखाचा निळा रंग सुरुवातीला घासला की थोडा उतरतो. तो दोष नव्हे. पहिले काही दिवस पांढऱ्या कुडत्यावर तेवढा घेऊ नका.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशी स्कार्फचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, चिठ्ठी आणि बिल एकत्र ठेवा. परत करायची वेळ आली तर हेच कामाला येतं. मग शंका असेल तर धागा जाळून बघा. दशीतला किंवा कडेच्या आतला एक-दोन इंच धागा घ्या, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर मेणबत्तीला लावा. रेशीम हळूहळू जळतं, ज्योत काढली की बहुधा विझतं, जळलेल्या केसांचा वास येतो आणि मागे राहिलेला काळा कण बोटाने चुरला की त्याची पूड होते. पॉलिएस्टर वितळतो, आक्रसतो, गार झाल्यावर कडक मणी होतो. व्हिस्कोस आणि मोडाल कागदासारखे भुरकन जळतात, वासही कागदाचाच, राख मऊ राखाडी. आडवा आणि उभा असे दोन्ही धागे तपासा, कारण भेसळीत बऱ्याचदा एकाच दिशेचा धागा रेशमी असतो.

जाळायचं नसेल तर दुसरा उपाय आहे. पांढऱ्या कपड्यांसाठी मिळणारं क्लोरीनचं ब्लीच एका काचेच्या वाटीत थोडं घ्या आणि त्यात धागा टाकून ठेवा. रेशीम त्यात विरघळून जातं, पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस तसेच राहतात. हे बघितलं की रेशमाला ब्लीच का लावायचं नाही हेही कायमचं लक्षात राहतं.

धुणं

माझी आजी सोवळ्याचा रेशमी मुकटा कधीच साबणाने धूत नसे. आदल्या रात्री पाच-सहा रिठे फोडून, बिया काढून, लिटरभर पाण्यात टाकायची. सकाळी ते कुस्करून गाळून घेतलं की फेसाळ तपकिरी पाणी तयार. रेशीम धुवायला मला आजही याहून चांगलं काही सापडलेलं नाही. रिठ्यात सोडा नसतो, म्हणून तो धाग्याला खात नाही. फक्त पांढऱ्या किंवा अगदी फिक्या स्कार्फला रिठ्याची किंचित पिवळट छटा येऊ शकते. तिथे लहान मुलांचा सौम्य शांपू, अर्धा चमचा चार-पाच लिटर पाण्यात.

धुण्याची पावडर का नको? एक तर ती अल्कधर्मी असते. दुसरं म्हणजे बहुतेक पावडरींत प्रोटीएज नावाचं विकर घातलेलं असतं, रक्ताचे, दुधाचे, अंड्याचे डाग काढायला. ते प्रथिनं तोडतं, आणि रेशीम म्हणजे प्रथिनच. माझ्या टसरचं असंच झालं.

बादलीत गार पाणी घ्या. रिठ्याचं पाणी त्यात मिसळून ढवळा आणि मगच स्कार्फ घाला. तीन ते पाच मिनिटं हलक्या हाताने वर-खाली करा. भिजत ठेवायचा नाही, घासायचा नाही, ब्रश तर अजिबात नाही. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं, म्हणून पिळायचंही नाही. दोन-तीन स्वच्छ पाण्यांतून काढा. छपाई नेहमीच्या रासायनिक रंगांची असेल तर शेवटच्या चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घाला, रेशमाचा तजेला परत येतो. पण अजरख किंवा कोणत्याही वनस्पती-रंगाच्या स्कार्फला व्हिनेगर, लिंबू, चिंच काहीही लावू नका. लोह-हिरड्याचा काळा आणि मंजिष्ठाचा लाल आंबटाने बदलतात.

पहिल्या दोन धुण्यांना स्कार्फ एकटाच धुवा, आणि रंग सुटताना दिसला तर थांबू नका. लगेच भरपूर गार पाण्यातून काढा आणि ताबडतोब वाळवा. ओला गोळा करून बादलीत ठेवलेला स्कार्फ स्वतःच्याच रंगाने डागाळतो.

पाणी काढायला जाडसर सुती टॉवेलवर स्कार्फ पसरा, टॉवेलसकट गुंडाळा आणि हाताने दाबा. मग सावलीत, वाऱ्यावर, आडव्या जाड काठीवर टाका. तारेवर नको, तिच्या गंजाचा डाग निघत नाही. चिमटेही नकोत. पावसाळ्यात पंख्याखाली टॉवेलवर पसरून ठेवलं तरी पुरतं, दीड-दोन तासांत वाळतो.

इस्त्री स्कार्फ थोडा दमट असतानाच करा, उलट्या बाजूने, वर मलमलचा तुकडा ठेवून, इस्त्रीच्या रेशमाच्या आकड्यावर. वाळलेल्या रेशमावर पाण्याचे थेंब शिंपडू नका, त्यांचे गोल डाग उमटतात. आणि हाताने वळलेल्या कडेवरून इस्त्री फिरवू नका. कडेच्या आत बोटभर थांबा. ती गोल कड एकदा चपटी झाली की पुन्हा तशी होत नाही.

ड्रायक्लीनला दिलं तर चालेल, पण वर्षातून एखाद्या वेळी, आणि वनस्पती-रंग असतील तर तसं सांगूनच द्या.

डाग आणि रोजचा वापर

अत्तर, डिओडोरंट, केसांचा स्प्रे हे सगळं आधी, मग दहा-पंधरा मिनिटांनी स्कार्फ. डिओडोरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार आणि घाम मिळून रेशीम पिवळं आणि ठिसूळ करतात. गळ्यापाशी बांधलेला स्कार्फ घरी आल्यावर लगेच घडी करून कपाटात ठेवू नका, रात्रभर मोकळा टांगा.

तेलाचा डाग पडला तर त्यावर साधी टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवा, सकाळी हलकेच झटका. चहा सांडला तर टिपकागदाने टिपा आणि शक्य तितक्या लवकर पूर्ण स्कार्फ धुवा. फक्त डागाचीच जागा ओली करून चोळली तर डाग जाऊन पाण्याची वर्तुळं राहतात, शिवाय तिथला धागा खरवडून पांढुरका दिसतो. हळदीकुंकवाला जाताना मात्र खरोखर जपा. हळदीला साबण लागला की डाग लालसर होतो, आणि तिला घालवणारं ऊन रेशमाला चालत नाही. हळद लागलीच तर गार पाण्यात शांपू घालून लगेच धुवा आणि फिकी छटा राहिली तर राहू द्या, तिच्या मागे लागून कापड घालवू नका.

सेफ्टी पिन टोचू नका, रेशमात भोक राहतं. स्कार्फची रिंग मिळते ती वापरा किंवा नुसती गाठ मारा, आणि गाठीची जागा दर वेळी बदला. धागा ओढला गेला तर कात्री लावू नका. बारीक सुईने तो फास उलट्या बाजूला ओढून घ्या आणि दोन्ही बाजूंनी कापड हलकेच ताणा, बराचसा आत बसतो.

ठेवणं

रेशमाला प्लॅस्टिकची पिशवी नको. रेशीम हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि प्लॅस्टिकमध्ये ते कोंडलं की बुरशी धरते, कोकणात आणि मुंबईत तर एका पावसाळ्यात. जुन्या धुवट सुती धोतराचा किंवा मलमलचा तुकडा घ्या, त्यात गुंडाळून ठेवा. ठेवण्याआधी स्कार्फ धुतलेलाच हवा. घामाच्या आणि अन्नाच्या अंशाकडे कसर आधी वळते. डांबराच्या गोळ्या ठेवणार असाल तर कापडाला लागू देऊ नका, वेगळ्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. मी त्यांच्याऐवजी वेखंडाचे तुकडे आणि लवंगा वापरते. दर काही महिन्यांनी त्या बदलाव्या लागतात.

एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवलेलं रेशीम त्याच रेषेवर चिरतं. ज्या पैठण्या घडीवर फाटल्या त्या बहुतेक अशाच. वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, स्कार्फ काढून सावलीत वारा द्या आणि घडी दुसऱ्या जागी घाला. चौरस स्कार्फ असेल तर घडीपेक्षा पुठ्ठ्याच्या नळीवर मलमल गुंडाळून त्यावर वळून ठेवणं अधिक चांगलं, नळी गिफ्टच्या कागदाची चालते.

हे करताना कडा एकदा उजेडात फिरवून बघा. वळलेल्या कडेचा एखादा टाका सुटलेला असतो. तेव्हाच घरी शिवून टाका. सगळ्यांत बारीक सुई, स्कार्फच्या रंगाचा एकपदरी रेशमी धागा, सुटलेली कड बोटांना किंचित ओल लावून पुन्हा वळायची आणि दोन जुन्या टाक्यांच्या मध्ये तीन-चार नवे घालायचे. धागा ओढून घट्ट करू नका, कड सुरकुतते. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते राहिलं तर पुढच्या धुण्यात वीतभर कड उसवते.